हवाला आणि हकीकत : महाविद्यालयीन शोधनिबंधातील संदर्भलेखनाची समीक्षा

प्रश्नाचे स्वरूप

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या नेमणुकीसाठी व बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि महाविद्यालयांतून शोधनिबंधांची संख्या एकदम वाढली. चर्चासत्रांची स्मरणिका, संस्थेचे संशोधन-नियतकालिक, विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल अशा अनेक वाटांनी हे लेखन प्रसिद्ध होऊ लागले. त्याबरोबर निबंधाच्या मांडणीविषयीचे नियमही आले. समास किती सोडावा, अक्षराचा आकार किती असावा, संदर्भसूची एमएलए पद्धतीने द्यावी की एपीए पद्धतीने, हे प्रत्येक चर्चासत्राच्या पत्रकात छापले जाऊ लागले. बहुतेक अध्यापकांचा संदर्भलेखनाशी परिचय झाला तो या पत्रकांतून. त्यामुळे संदर्भ म्हणजे स्वल्पविराम, कंस आणि तिरप्या अक्षरांचा प्रश्न आहे, असा समज दृढ झाला.

हा समज अपुरा आहे. संदर्भ हा मुळात साक्षीचा प्रश्न आहे. लेखक एखादे विधान करतो तेव्हा ते त्याला कोठून कळले आणि वाचकाला ते कोठे पडताळता येईल, या दोन गोष्टी संदर्भाने सांगायच्या असतात. मांडणीचे सगळे नियम या दोन गोष्टींच्या सेवेसाठी आहेत. एखादी सूची नियमाप्रमाणे अगदी शुद्ध असेल, पण तिच्यातील ग्रंथ लेखकाने पाहिलेच नसतील, तर ती सूची नीटनेटकी असूनही खोटी ठरते. उलट, एखाद्या विद्यार्थ्याने स्वल्पविराम चुकीच्या जागी दिला, पण कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पानावर काय वाचले हे प्रामाणिकपणे नोंदवले, तर त्याचा संदर्भ कामाचा असतो. हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणी मराठी, कन्नड, उर्दू, फारसी आणि इंग्रजी अशा पाच भाषांतील साधने एकाच निबंधात येतात. तेथे हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण प्रचलित पुस्तिकांचे नियम या साधनांना अनेक ठिकाणी पुरे पडत नाहीत.

हवाल्याची जुनी शिस्त

संदर्भ देण्याची शिस्त पाश्चात्त्य पुस्तिकांबरोबर आली, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. मराठीतील या क्षेत्राचे शब्दच त्याविरुद्ध साक्ष देतात. दाखला, हवाला, दप्तर, मजकूर, अस्सल, नक्कल, तर्जुमा, सनद हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि कचेरीच्या व्यवहारात रुळले. अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, नक्कल कोणी केली, मूळ कागद कोणाच्या दप्तरात आहे, हे प्रश्न दख्खनच्या कारकुनाला शेकडो वर्षांपासून माहीत होते. वतनाचा तंटा उभा राहिला की निकाल याच प्रश्नांवर लागत असे.

हदीसशास्त्रात ही शिस्त अधिक बारकाईने विकसित झाली. मूळ वचनाआधी 'इस्नाद' येतो. अमुकाने तमुकाकडून ऐकले, तमुकाने आणखी कोणाकडून ऐकले, अशी निवेदकांची ती साखळी असते. साखळीतील एक कडी कमकुवत असेल तर त्या रिवायतीचा दर्जा उतरतो. या शास्त्रात 'तदलीस' अशी एक संज्ञा आहे. निवेदकाने ज्याच्याकडून प्रत्यक्ष ऐकले त्या मधल्या माणसाचे नाव गाळले आणि जणू वरच्या माणसाकडूनच ऐकले असा भास निर्माण केला, तर त्याला तदलीस म्हणतात. मजकूर खरा असला तरी साखळी लपवणे हा दोष मानला गेला. आजच्या शोधनिबंधांतील सर्वांत मोठ्या दोषाला याहून नेमके नाव सापडणे कठीण आहे.

इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात आपल्या 'मुकद्दिमा'मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. इतिहासकाराने केवळ निवेदकावर विसंबू नये, सांगितलेली गोष्ट समाजाच्या आणि निसर्गाच्या रीतीत बसते काय हेही पाहावे, असा त्याचा आग्रह होता. फौजांच्या फुगवलेल्या आकड्यांवर त्याने टीका केली ती याच भूमिकेतून.

मराठीत विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. कथा सांगण्याआधी कागद छापला पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता. वा. सी. बेंद्रे यांचे 'साधन-चिकित्सा' हे पुस्तक १९२८ चे. साधने जमवणे पुरेसे नाही, ती पारखलीही पाहिजेत, हे त्याच्या नावातच आहे. ग. ह. खरे यांनी फारसी कागद मुळासह व तर्जुम्यासह छापले. धारवाडलाही हीच परंपरा आहे. १९३९ मध्ये येथे कन्नड संशोधन संस्था स्थापन झाली. कर्नाटक विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन केलेले एम. एम. कलबुर्गी यांनी कन्नड ग्रंथसंपादनशास्त्रावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पाठभेद देताना तो कोणत्या हस्तलिखितातला हे सांगणे, हा ग्रंथसंपादनाचा पहिला धडा असतो. तोही एक प्रकारचा संदर्भच होय.

तात्पर्य, विद्यार्थ्याला संदर्भलेखन शिकवताना परक्या पुस्तिकेपासून आरंभ करण्याची गरज नाही. त्याच्या घरच्या भाषेत ही कल्पना आधीपासून आहे.

न पाहिलेल्या ग्रंथाचा हवाला

या भागातील इतिहासविषयक निबंधांत मुहम्मद कासिम फिरिश्ता याचे नाव हमखास येते. फिरिश्ता विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहच्या आश्रयाला होता आणि त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी आपला फारसी इतिहास रचला. निबंधात मात्र 'फिरिश्ता म्हणतो' असे लिहिलेले असते तेव्हा लेखकासमोर बहुधा जॉन ब्रिग्ज याचे १८२९ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर असते. अनेकदा तेही नसते. ब्रिग्जचा उतारा घेतलेले एखादे पाठ्यपुस्तक असते, आणि त्या पाठ्यपुस्तकावरून लिहिलेले मार्गदर्शक असते.

विजयनगरचा १५६५ मधील पाडाव हे उदाहरण घ्यावे. घटना १५६५ ची. फिरिश्ता त्या वेळी विजापुरात नव्हता. तो तेथे आला १५८९ मध्ये, म्हणजे तोही या घटनेचा प्रत्यक्षदर्शी नव्हे. त्याने ऐकून व वाचून लिहिले. ब्रिग्ज हा साताऱ्याला रेसिडेंट राहिलेला कंपनी सरकारचा अधिकारी. त्याने दोन शतकांनी भाषांतर केले आणि भाषांतरात स्वतःची समज मिसळली. त्यावरून विसाव्या शतकातील पाठ्यपुस्तककाराने एक परिच्छेद लिहिला. त्यावरून विद्यार्थ्याने निबंध लिहिला आणि तळटीप दिली 'फिरिश्ता'. पाच कड्यांची साखळी एका शब्दात गडप झाली. हीच ती तदलीस.

यात नुकसान काय, असे विचारले जाते. मजकूर तर तोच आहे, मग मधली नावे कशाला? नुकसान असे की मधला प्रत्येक जण काही निवडतो आणि काही गाळतो. एच. एम. इलियट आणि जॉन डाउसन यांचे फारसी इतिहासग्रंथांचे इंग्रजी उतारे १८६७ ते १८७७ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाले. मुसलमान राजवटींच्या तुलनेत इंग्रजी राज्याचे फायदे लोकांना पटावेत, हा हेतू इलियटने लपवला नव्हता. साहजिकच युद्ध, लूट आणि विध्वंस यांचे उतारे पुढे आले. महसूल, सिंचन, दानधर्म, दैनंदिन कारभार यांचे उल्लेख मागे राहिले. या खंडांतील भाषांतराच्या व माहितीच्या चुकांवर एस. एच. होडीवाला यांनी १९३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तरीही आज निबंधांत इलियटचे उतारे दिसतात आणि होडीवालांच्या दुरुस्त्या दिसत नाहीत. कारण उतारा देणाऱ्याने तळटिपेत इलियटचे नावच घेतलेले नसते. त्याने मूळ फारसी लेखकाचे नाव घेतलेले असते. दुरुस्ती शोधायची कोठे, हेच वाचकाला कळत नाही.

दख्खनच्या इतिहासातील वाद आज केवळ वर्गात राहत नाहीत, ते सभेत, वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर जातात. एखाद्या सुलतानाने काय केले किंवा काय केले नाही, याविषयीचे वाक्य निबंधातून बाहेर पडले की लोक त्यावर भूमिका घेतात. कोणाच्या बाजूचे वाक्य आहे हा येथे मुद्दा नाही. गौरवाचे वाक्यही न पाहिलेल्या ग्रंथाच्या नावावर खपवले जाते आणि निंदेचेही. दोन्ही ठिकाणी दोष एकच. समाजाच्या इतिहासाविषयी कोणी चुकीचे लिहिले अशी तक्रार करण्याचा अधिकार त्यालाच पोचतो, ज्याच्या स्वतःच्या तळटिपा पडताळणीला टिकतात.

यावर रास्त आक्षेप असा की महाविद्यालयातील अध्यापकाला फारसी येत नाही, मूळ हस्तलिखिते दूर आहेत आणि ग्रंथालयाचे अनुदान तुटपुंजे आहे. हे सारे खरे आहे. पण भाषांतर वापरण्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो लपवण्यात. 'फिरिश्ता, ब्रिग्जच्या इंग्रजी भाषांतरावरून, अमुक खंड, अमुक पृष्ठ' एवढे लिहिले की साखळी उघड होते. ब्रिग्जही पाहिला नसेल तर 'अमुक पुस्तकात उद्धृत' असे लिहावे. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारख्या अभ्यासकाने मोगल दरबारच्या बातमीपत्रांचे मराठी भाषांतर उपलब्ध करून दिले, ते वापरले जावे म्हणूनच. ते वापरून मूळ अखबार पाहिल्याचा आव आणणे म्हणजे पगडींच्या श्रमांवरही अन्याय होय.

नाव कोठे तोडावे?

एमएलए, एपीए आणि शिकागो या तिन्ही पद्धतींत सूचीत आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव किंवा त्याची आद्याक्षरे. हा नियम ज्या समाजात झाला तेथे प्रत्येकाला घराण्याचे आडनाव असते. मराठी हिंदू नावांना तो बहुतांशी लागू पडतो. मुसलमान नावांना आणि दक्षिणी कर्नाटकातील नावांना तो आंधळेपणाने लावला की नावाची मोडतोड होते.

माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचेच नाव घ्यावे. 'अब्दुल कलाम' हे त्यांचे स्वतःचे नाव, आधीची आद्याक्षरे घराण्यातील वडीलधाऱ्यांची. एपीए पद्धतीने यांत्रिकपणे लिहिले तर 'कलाम, ए. पी. जे. ए.' असे होते. 'अब्दुल' म्हणजे 'चा सेवक'. हा शब्द पुढच्या शब्दाशिवाय अपुरा आहे. तो तोडून त्याचे एक अक्षर करणे म्हणजे नावाचा अर्थच घालवणे. अब्दुल रहमान, अब्दुल करीम, अब्दुल गफार ही सर्व नावे याच कारणाने अखंड ठेवली पाहिजेत. 'खल्दून, इब्न' असे लिहिणे तर हास्यास्पदच, कारण 'इब्न' म्हणजे मुलगा.

कन्नड कवी के. एस. निसार अहमद यांच्या नावातील 'के' हे कोक्करेहोसहळ्ळी या गावाचे आणि 'एस' हे शेख हैदर या वडिलांच्या नावाचे. निसार अहमद हे स्वतःचे नाव. 'अहमद, के. एस. एन.' अशी नोंद केली तर कन्नड वाचकाला हा कवी ओळखू येणार नाही. कर्नाटकातील सूफींवर कन्नडमध्ये लिहिणारे रहमत तरीकेरे यांच्या नावात मात्र तरीकेरे हे गावाचे नाव आडनावासारखे शेवटी येते. तेथे 'तरीकेरे, रहमत' ही नोंद सोयीची आहे. हमीद दलवाई यांना कोकणी घराण्याचे आडनाव आहे. तेथे 'दलवाई, हमीद' हे सरळच. म्हणजे एकाच समाजातील तीन लेखकांची नावे तीन प्रकारे बनलेली आहेत. एक नियम सर्वांना लावता येत नाही.

श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद, 'योगसंग्राम'चे कर्ते, यांची नोंद 'महंमद, शेख' अशी करण्याचे काहीच कारण नाही. ते 'शेख महंमद' म्हणूनच ओळखले जातात आणि त्याच नावाने त्यांची नोंद व्हावी. शेख, सय्यद, पठाण, खान, मुल्ला ही आडनावे ज्या लेखकांना आहेत त्यांच्याबाबत निराळी अडचण येते. 'शेख, एम.' एवढ्या नोंदीवरून लेखक सापडणे अशक्यप्राय असते, कारण या नावाचे लेखक पुष्कळ असतात. लेखकाने आयुष्यभर केलेले काम अशा नोंदीमुळे दुसऱ्याच्या खात्यावर जाते किंवा कोणाच्याच खात्यावर राहत नाही. येथे आद्याक्षर न देता स्वतःचे नाव पूर्ण देणे हाच उपाय.

ही अडचण केवळ मुसलमान नावांपुरती नाही. धारवाडच्या निबंधात 'बेंद्रे' एवढेच लिहिले तर कन्नड वाचक दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे समजतो आणि मराठी इतिहासाचा वाचक वासुदेव सीताराम बेंद्रे. त्यातही कवी बेंद्रे यांचे टोपणनाव 'अंबिकातनयदत्त'. मुखपृष्ठावर ते असेल तर नोंद त्या नावाने करून मूळ नाव चौकोनी कंसात देणे योग्य.

पुस्तिकाकारांना हे अगदीच माहीत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिकागो पुस्तिकेत अरबी व भारतीय नावांविषयी स्वतंत्र सूचना आहेत. पण महाविद्यालयात पोचते ती पुस्तिका नव्हे, तिचा एक पानी सारांश पोचतो आणि त्या सारांशात या सूचना गळालेल्या असतात.

सन, स्थळ आणि लिपी

एपीएसारख्या पद्धतीत लेखकाच्या नावापुढे लगेच सन येतो. विज्ञानाच्या निबंधात ते ठीक, कारण तेथे ताजेपणाला महत्त्व असते. इतिहासात त्यामुळे घोटाळा होतो. 'फिरिश्ता, १८२९' असे वाचून नवखा विद्यार्थी फिरिश्ताला एकोणिसाव्या शतकात नेऊन बसवतो. याउलट 'बुसातीन-उस्-सलातीन' हा आदिलशाहीचा इतिहास समकालीन समजून वापरला जातो. मिर्झा इब्राहीम जुबैरी याने तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला, म्हणजे १६८६ मध्ये विजापूर पडल्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. जुन्या साधनांचा तो उपयुक्त संग्रह आहे, पण समकालीन साक्ष नव्हे. म्हणून जुन्या ग्रंथाच्या नोंदीत दोन सन हवेत, एक रचनेचा आणि एक हाती असलेल्या आवृत्तीचा. एपीए पद्धतीतही पुनर्मुद्रित ग्रंथासाठी दोन सन देण्याची सोय आहे. ती वापरली जात नाही एवढेच.

कागदावरील मूळ तारीख हा याच्याशी लागून असलेला विषय. दख्खनच्या कागदांत हिजरी, शुहूर, फसली आणि शक असे सन येतात. शुहूर सनात ५९९ किंवा ६०० आणि फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. महिना माहीत असल्याशिवाय यांपैकी कोणता आकडा घ्यायचा ते ठरत नाही. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे एक हिजरी वर्ष बहुधा दोन इसवी वर्षांत विभागले जाते. निबंधात केवळ रूपांतरित सन दिला तर चूक झाली असल्यास ती शोधता येत नाही. मूळ सन जसाच्या तसा देऊन पुढे रूपांतर द्यावे.

प्रकाशनस्थळाविषयी तर अलीकडच्या पुस्तिकांशी स्पष्ट मतभेद नोंदवावा लागतो. एपीएच्या २०१९ च्या सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ वगळले. शिकागोच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीने १९०० नंतरच्या पुस्तकांसाठी ते आवश्यक मानले नाही. एकाच प्रकाशकाची कार्यालये चार देशांत असतात, तेव्हा स्थळाला अर्थ उरत नाही, हे तेथे खरे आहे. येथे परिस्थिती उलट आहे. मराठी, कन्नड आणि उर्दूतील कितीतरी पुस्तके लेखकाने स्वतः किंवा एखाद्या स्थानिक छापखान्याने काढलेली असतात. हुबळी, बेळगाव, सोलापूर, कोल्हापूर यांपैकी कोणत्या गावात पुस्तक निघाले हे कळले तरच ते कोणत्या ग्रंथालयात शोधावे ते कळते. पुष्कळदा तेवढाच धागा हाती असतो. तो नियमाच्या नावाखाली तोडू नये.

गावांची नावेही जशी छापली तशीच द्यावीत. १ नोव्हेंबर २०१४ पासून हुबळीचे अधिकृत नाव हुब्बळ्ळी झाले आणि बेळगाव, विजापूर, गुलबर्गा यांचीही नावे बदलली. १९५० च्या पुस्तकावर 'हुबळी' छापले असेल तर सूचीत हुबळीच राहील. ही दक्षता आशयालाही लागू आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा धारवाडविषयक बाविसावा खंड १८८४ चा. त्यातील धारवाड जिल्ह्यात आजच्या गदग व हावेरी जिल्ह्यांचा पुष्कळ भाग येतो. १९९७ मध्ये हे दोन जिल्हे वेगळे झाले. गॅझेटियरचा सन न देता 'धारवाड जिल्ह्याची लोकसंख्या' उद्धृत केली आणि आजच्या आकड्याशी तिची तुलना केली, तर दोन निराळ्या भूभागांची तुलना होते. एक सन गाळल्याने सगळा निष्कर्ष कोसळतो.

लिपीचा प्रश्नही असाच आहे. कन्नड किंवा उर्दू ग्रंथाचे नाव मराठी निबंधात कसे द्यावे? काही जण नावाचे भाषांतर करतात. त्यामुळे त्या नावाचे मराठी पुस्तक आहे असा भास होतो आणि ते कोणालाच सापडत नाही. मूळ नाव देवनागरीत जसेच्या तसे उतरवावे, नंतर ग्रंथाची भाषा नोंदवावी आणि वाटल्यास अर्थ द्यावा. सूची भाषावार वेगळी करण्याची मराठीतील जुनी रीत येथे सोयीची आहे.

यंत्राची तपासणी आणि तिची मर्यादा

आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने वाङ्मयचौर्याची टक्केवारी ठरवून दिली. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० च्या वर अशा तीन पायऱ्यांना चढत्या शिक्षा आहेत. तिसऱ्या पायरीवर विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. या नियमांनी धाक बसवला हे खरे. पण यंत्र मोजते ते शब्दांचे साम्य. निबंधकाराने ग्रंथ पाहिला की नाही, हे यंत्राला कळत नाही. संपूर्ण खोटा हवाला शून्य टक्क्याने उत्तीर्ण होतो. उलट, प्रामाणिक उतारा अवतरणचिन्हांत नीट न घातल्यास दोषी ठरतो. टक्केवारी कमी करण्यासाठी शब्द फिरवून लिहिण्याची जी कला वाढली आहे, ती तर संशोधनाच्या विरुद्धच आहे. विचार दुसऱ्याचा, शब्द फिरवलेले आणि नाव गाळलेले, हे वाङ्मयचौर्यच होय, टक्के कितीही येवोत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी यात नवी भर घातली. ही साधने मागितले की संदर्भ तयार करून देतात. लेखकाचे नाव, सन, नियतकालिक, पृष्ठे सारे बिनचूक मांडणीत असते आणि तो लेख अस्तित्वातच नसतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असे काल्पनिक निवाडे दाखल करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. बंगळूरच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचा डिसेंबर २०२४ मधील एक निकाल, त्यात अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांचे दाखले आढळल्याने, मागे घेण्यात आला. संदर्भ म्हणजे मांडणी, असे शिकवण्याचा शेवट कोठे होतो, ते या घटना दाखवतात. मांडणी तर यंत्र माणसापेक्षा चांगली करते. ग्रंथ उघडून पान पाहणे एवढेच काम माणसाकडे उरते, आणि तेच खरे काम होते.

महाविद्यालयांनी काय करावे

आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केली आणि नियतकालिकाचा दर्जा पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. शिक्षणसंस्थांच्या संशोधन-नियतकालिकांना ही कसोटीही आहे आणि संधीही. बाहेरच्या यादीचा आधार गेल्यावर आपली शिस्त आपणच आखावी लागते. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही.

पहिली गोष्ट, संस्थेने एक पद्धत निवडून तिला स्थानिक पुरवणी जोडावी. ती दोन पानांची असली तरी चालेल. तिच्यात पुढील बाबी असाव्यात : हाती असलेल्या पुस्तकाचाच हवाला द्यावा आणि दुसऱ्याकडून घेतल्यास 'उद्धृत' असे स्पष्ट लिहावे. लेखकाचे नाव ज्या रूपाने ओळखले जाते त्या रूपाने द्यावे, जोडनावे तोडू नयेत. जुन्या ग्रंथाचे दोन सन द्यावेत. प्रकाशनस्थळ व छापखाना ठेवावा. मूळ सनाबरोबर रूपांतर द्यावे. अप्रकाशित कागद असेल तर संग्रह, दप्तर किंवा रुमाल आणि क्रमांक द्यावा. तोंडी माहिती असेल तर सांगणाऱ्याची संमती घेऊन गाव व तारीख नोंदवावी. दर्गे, मदरसे, विणकरांचे मोहल्ले यांवरील प्रकल्पांत तोंडी माहितीच मुख्य साधन असते आणि तीच सर्वांत कमी नोंदवली जाते.

दुसरी गोष्ट तपासणीची. संपादकाने किंवा मार्गदर्शकाने प्रत्येक निबंधातील कोणतेही तीन संदर्भ निवडून लेखकाकडून त्या पानांच्या छायाप्रती मागवाव्यात. तीनही मिळाल्या तर निबंधावर विश्वास ठेवता येतो. न मिळाल्यास पुढे वाचण्यापूर्वी लेखकाशी बोलावे. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे, आणि ती होणार हे माहीत असले तरी पुष्कळ दोष आधीच टळतात.

तिसरी गोष्ट शिकवण्याची. पदवीच्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी संदर्भसूची करायला लावू नये. त्याला एक परिच्छेद द्यावा आणि त्यातील एका विधानाचा उगम शोधायला सांगावे. पाठ्यपुस्तकातून संदर्भग्रंथाकडे, संदर्भग्रंथातून भाषांतराकडे, भाषांतरातून मूळ लेखकाकडे तो जितका मागे जाईल तितकी साखळी त्याने लिहून काढावी. बहुतेक विद्यार्थी दोन-तीन कड्यांवर अडकतील. कोठे अडकलो हे लिहिणे हाही उत्तराचा भाग मानावा. शोधगंगेवरील प्रबंध आणि अंकीय ग्रंथालये यांमुळे ही वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे.

अशा सरावातून आलेला विद्यार्थी स्वल्पविरामात चुकेलही, ती चूक एका तासात दुरुस्त होते. न वाचलेले पुस्तक वाचले म्हणण्याची सवय एकदा लागली की ती पदवी, पदव्युत्तर आणि पीएच.डी. ओलांडून प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंत सोबत येते. संदर्भलेखनाचा तास हा म्हणून व्याकरणाचा तास समजू नये. कोणत्या गोष्टीची साक्ष आपण देऊ शकतो आणि कोणत्या गोष्टीची देऊ शकत नाही, हे ओळखण्याचे शिक्षण त्या तासात द्यायचे असते, आणि ते अध्यापकाच्या स्वतःच्या तळटिपांपासून सुरू होते.